इंजिनाला कोणता रंग द्यावा

रविवार, २२ ऑगस्ट
दुपार

प्रिय भाऊजी,

नमस्कार. जाऊबाईंचा गुडघा आता कसा आहे? आम्ही दोघी ठीक आहोत. लेकीची नोकरी एक तारखेपासून सुरू होते आहे आणि गाडी घेऊनच जायचे, असे तिच्या डोक्यात पक्के बसले आहे. बाबांची गाडी म्हणून.

त्या गाडीच्या इंजिनाबद्दलच लिहायचे होते. तुम्ही ते दुरुस्त करून आमच्या शेडमध्ये स्टँडवर चढवलेत आणि म्हणालात, "वहिनी, रंग तेवढा तुम्ही मारा. हात गुंतला की मन रमतं." मागाहून जाऊबाईंबरोबर रंगाचा डबा आला. वर निरोप होता, "घासत बसू नका म्हणावं, आहे त्यावरच दोन हात जाड द्या."

माझी सवय तुम्ही विसरलात. शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे काढलेली बाई लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडत नाही. तुमचे दादा चिडवायचे, "ही मिठाच्या पुडीवरचंसुद्धा वाचते." डब्यावर लिहिले होते, सायलेन्सरसाठी. म्हणून तो घेऊन रंगाच्या दुकानात गेले.

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "हा कुणी दिला तुम्हाला?"

"दिरांनी. त्यांचं गॅरेज आहे."

"गॅरेज आहे आणि हा दिला?" तो हसला. "बाई, हा सहाशे डिग्री सोसेल, पण तेल नाही सोसायचा. इंजिनाचा ब्लॉक काही तेवढा तापत नाही. त्याच्यावर तेल सांडतं, कूलंटचं पाणी सांडतं. त्याला इंजिन इनॅमल लागतं. आणि आधी खालचं लोखंड उघडं करा, तेलाचा डाग ठेवू नका. नाहीतर सहा महिन्यांत पोपडे."

तीस वर्षे गॅरेज चालवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल? घाईत भलताच डबा हाती लागला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

काल तारेचा ब्रश घेऊन बसले. तीन बाजू छान निघाल्या. चौथ्या बाजूला, खालच्या अंगाला, ब्रश एकदम मऊ लागला. आवाजही बदलला. रंगाखाली पुट्टी होती, तळहाताएवढी, बोटाने दाबून सारखी केलेली. सुरीने खरवडली. खाली चीर आहे, भाऊजी. माझ्या करंगळीपेक्षा लांब.

आणि ती आजची नाही. पुट्टीवर तोच हिरवा रंग होता, जो दोन वर्षांपूर्वी तुमच्या गॅरेजमधून येताना इंजिनावर होता. तुमच्याशिवाय कुणाचा हात त्या इंजिनाला लागलेला नाही.

मग बाकीचे आठवू लागले. हे गेल्यावर माणसे भेटायला येत होती, तेव्हा तुम्ही प्रत्येकाला सांगत होतात, "दादाने कधी पाणी बघितलंच नाही. गाडी तापणारच." मी आत चहा करत होते. सगळे ऐकू येत होते. पण पाणी ते रोज बघत. शेवटचा महिनाभर सकाळी मोठी बाटली भरून शेडमध्ये जात आणि रिकामी घेऊन येत. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "तहान लागते तिला. वय झालं." मी हसले होते. ते पाणी या चिरेतून जात होते.

ट्रकने उडवले त्या दिवशीही रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून ते पाणीच ओतत होते. चूक ट्रकवाल्याची, हे कागदोपत्री झाले आणि मला मान्य आहे. पण ते तिथे उभे का होते?

इथे थांबून अंगणात जाऊन आले. लिहायचे टाळत होते ते लिहून टाकते. दोन वर्षांपूर्वी गाडी तुमच्याकडे नेताना मी दारात उभी राहून यांना म्हणाले होते, "हे शेवटचं. आणखी काही निघालं तर तिकडेच भंगारात घाला, इथे आणू नका." आवाज चढला होता. शेजारीण बघत होती. ते गुपचूप किल्ली घेऊन निघाले. मी कधी ओरडत नाही, त्यामुळे त्यांनी ते मनाला लावून घेतले असणार.

म्हणजे एक तर तुम्ही ती चीर त्यांच्यापासून लपवलीत. नाहीतर तेच तुम्हाला म्हणाले, "बुजव आणि रंग मार, तिला कळू देऊ नकोस." तसे असेल तर त्यातला माझा वाटा मी उचलते. पण तुम्ही हेच उत्तर द्याल आणि मला ते पडताळता येणार नाही, हेही मला कळते. त्यांच्यावर ढकलायची तुम्हाला आता सवय झाली आहे.

म्हणून ते विचारत नाही. या वेळी सांगायला ते नव्हते. गाडीत तुमची पुतणी बसणार होती. मग चीर तशीच ठेवून तिच्यावर माझ्या हातून रंग का मारून घेत होतात?

काल संध्याकाळी लेकीला शेडमध्ये नेऊन त्या चिरेवर बोट ठेवायला लावले. तिने ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले. मग एवढेच म्हणाली, "काकाला माहीत होतं?"

मी म्हटले, विचारते.

अजून तरी तुमची,
वहिनी