रिठदचा निरोप

मावशी, तुला वाचता येत नव्हतं, आणि तू असतीस तर हे समोर बसून वाचून दाखवायची हिंमत मला झाली नसती. तुला जाऊन बारा वर्षं होत आली. आज शाळेला सुट्टी आहे. पोरींच्या वह्या तपासून झाल्या आणि कागद पुढ्यात राहिला, म्हणून लिहिते आहे.

मानमोडीच्या साथीत माझी माय गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वाशीमात तेव्हा रोज कुणाला ना कुणाला नेत होते, सरपण मिळेनासं झालं होतं. वर्ष सरायच्या आत बानं तुझ्याशी पाट लावला. तू मायची बहीण नव्हतीस, तरी मी तुला मावशी म्हणायचं ठरलं. विधवेशी लागतो तसा चार माणसांत उरकलेला, ना वाजंत्री ना पंगत. तू मळ्यात आलीस ती सकाळ मला दिसते. बा मोट हाकतो आहे, मी विहिरीवर बैलांच्या धावेच्या कडेला पाय सोडून बसलेली आहे, आणि तू बांधावरून येते आहेस, काखेत एक गाठोडं. चूल कुठे आहे एवढंच विचारलंस. त्या दिवशी तू भाकरी केल्यास आणि शेवटी उरल्या पिठाच्या दोन चानक्या थापल्यास, लहान लेकरांसाठी करतात तशा छोट्या भाकरी. एक माझ्या ताटात ठेवलीस आणि दुसरी हातात धरून थोडा वेळ तशीच बसलीस. मग उठून ती गाईला घातलीस. बरेच दिवस असंच चाललं. मला वाटे, हिला मोजता येत नाही.

पुढे आत्यानं सांगितलं की रिठदला, तुझ्या मेलेल्या नवऱ्याच्या घरी, तुझी चार वर्षांची पोर आहे. पाट लावून दुसऱ्या घरी जाणाऱ्या बाईला लेकरू नेता येत नाही. ते त्या घरचं, त्या कुळाचं. तुझ्या दिरानं आणि जावेनं पोर ठेवून घेतली होती. तुझ्या भावांना तुला खाऊ घालायचं नव्हतं म्हणून त्यांनी तुला इकडे दिलं. हे सगळं तुला विचारून झालं की न विचारता, ते आत्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला फक्त बोलायला एक गोष्ट सापडली. दुसऱ्याच दिवशी तू कांद्यात खुरपत होतीस, मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तुनं आपली पोरगी टाकली. मले काय सांभाळशील?" तू वर पाहिलं नाहीस. एक वाफा तसाच खुरपत गेलीस. मग म्हणालीस, "खुरपं नीट धर. बोट कापशील." तेवढीच तुझी बोलणी मी खाल्ली, जन्मात.

दुसरी इयत्ता झाल्यावर बा मला शाळेतून काढणार होता. "पोरीच्या जातीले कायले पाह्यजे शाळा? वांग्याले पानी कोन देईन?" तू म्हणालीस, "मी देईन. तिच्या वाट्याचं बी मीच करीन. तिले जाऊ द्या." तेव्हा मला वाटलं, हिला मी घरात नको आहे, म्हणून पाठवते. पण तू रोज माझी वेणी घालायला लागलीस. आधी मी मान आखडून बसत असे. मग कधीतरी आखडणं विसरले. तुझ्या हाताला मेथीचा आणि ओल्या मातीचा वास असे. शाळेतून येताना बांधावर तू दिसली नाहीस तर माझे पाय जड व्हायचे. म्हणजे मी तुझी होऊ लागले होते, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

बाजाराचा दिवस. मी अकरा वर्षांची आहे. वांगी आणि कोथिंबीर मांडून आपण बसलो आहोत. तू पालेभाजी धुवायला तळ्यावर गेली आहेस. रिठदकडून मिरच्या विकायला येणारी म्हातारी माझ्यापुढे येऊन वाकते. "तुई मावशी कुठं हाय वं?" मी सांगते. ती म्हणते, "तिले सांग, पोरगी लय बिमार हाय. ताप उतरून नाई राह्यला. माय माय करून राह्यली. आमची गाडी देवळामागं सोडली हाय, जेवनाच्या वक्ताले निघते. तिले म्हन, येऊन बस गाडीत. सांगशीन ना?" मी म्हणाले, "सांगतो." ती गेली. थोड्या वेळानं तू ओल्या जुड्यांची टोपली डोक्यावर घेऊन आलीस. पाणी तुझ्या कानशिलावरून गळत होतं. तू माझ्याकडे पाहून हसलीस, कारण मी एकटीनं वांगी विकली होती. आणि मला दिसलं की तू गाडीत बसशील, पोरीला मांडीवर घेशील, आणि मग तिला सोडून परत येणं तुला जमणार नाही. मी काही बोलले नाही. गाडी निघायची वेळ झाली, टळली. तू मला गुळाचा खडा दिलास. तो मी खाल्ला.

आठ दिवसांनी म्हातारी सरळ मळ्यातच आली. तू वांगी तोडत होतीस, बा पाटाचं पाणी वळवत होता, मी नुकतीच शाळेतून आले होते, पाटी हातातच होती. ती बांधावरूनच ओरडली, "पोर गेली वं तुई! बजाराच्या तिसऱ्या दिवशी गेली. काहून नाई आली तू? मी तं निरोप देला होता, ह्या पोरीजवळ." बानं माझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मला पळताही आलं नाही. तुझ्या डोळ्यांत तेव्हा काय होतं ते मी इतकी वर्षं आठवून पाहते, आणि मला तुझा चेहरा आठवत नाही, फक्त ओच्यातली वांगी आठवतात. मग तू म्हणालीस, "भेटला होता निरोप. सांगतला मले पोरीनं. मीच नाई गेली. वांग्याचा तोडा होता." म्हातारी थुंकली. "माय हाय का दगड!" म्हणाली आणि गेली.

तू उरलेल्या ओळी तोडल्यास. आमच्यादेखत रडली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुढ्यात बसवलंस आणि वेणी घातलीस. तू केस ओढशील, म्हणून मी वाट पाहत होते. तू ओढले नाहीस. मी तेव्हा रडले. तू विचारलं नाहीस काय झालं.

गावानं मात्र तुला सोडलं नाही. रिठदकडच्या बायका बाजारात आपल्या मांडलेल्या भाजीपुढून तोंड वळवून जायच्या. बानंही एकदा रागाच्या भरात म्हटलं, "आपल्या पोटच्या पोरीची झाली नाई, आमची काय होशीन?" तू भाकरी थापत होतीस, थापत राहिलीस. मी उंबऱ्यात उभी होते. एका वाक्यात तुझ्यावरचं हे सगळं उतरलं असतं. ते वाक्य मला येत होतं. मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले.

तेरा वर्षांची असताना माझं लग्न झालं आणि सोळाव्या वर्षी मी पांढरं कपाळ घेऊन मळ्यात परत आले. बा लगेच पाटासाठी माणसं बघू लागला. तू पहिल्यांदा त्याच्यापुढे उभी राहिलीस. "तिले इचारा आधी. मले कोनी इचारलं नव्हतं." त्या एका बोलण्यावर मी अमरावतीला शिकायला गेले आणि मास्तरीण होऊन वाशीमच्या मुलींच्या शाळेत आले.

त्याच सुमारास वाचनालयात बायकांच्या नव्या कादंबऱ्या येऊ लागल्या. शिकलेल्या बायका, त्यांची घरं, सासर की माहेर की आणखी कुठलं आपलं, असं त्यात असे. मी त्या आणायचे आणि दुपारी गोठ्याच्या सावलीत तुला वाचून दाखवायचे. तू मेथीच्या जुड्या बांधत ऐकायचीस. "ह्या बाईले काही काम नाई का वं? सारा दिस खिडकीत उभी राहून राह्यली," असं म्हणायचीस, पण दुसऱ्या दिवशी पुस्तक आणलं का म्हणून विचारायचीस. त्यातल्या एका कादंबरीत पुण्याची एक तरुण विधवा होती. घरचे छळतात, ती शिकते, एक भला माणूस तिच्याशी लग्न करतो. शेवटी नव्या घरात ती दिवा लावते आणि तिला वाटतं की आता हे आपलं घर. मला ते वाचताना भरून आलं. मी पुस्तक मिटलं. तू हातातली जुडी खाली ठेवलीस.

"अन् थे लेकरू?"

"कोणतं?"

"पहिल्या घरचं. सुरुवातीले होतं ना तिले एक पोरगं."

मला ते आठवतही नव्हतं. मी पानं चाळली. मधे कुठेतरी एक ओळ होती, की मुलगा आजोळी सुखात होता. ती मी वाचून दाखवली. तू जुडी पुन्हा हातात घेतलीस. मग म्हणालीस, "कोनं सांगतलं लिहिणाऱ्याले, सुखात होता म्हनून?"

मी म्हणाले, "मावशी, तो बाजारातला निरोप..." तू दोरी दातात धरून जुडी आवळत होतीस. दोरी सोडून म्हणालीस, "दुसरं पुस्तक आनलं असशीन तं वाच. नाई तं उठ, जनावराले पानी दाखव." मी उठले. तू मला माफ केलंस की बोलूच दिलं नाहीस, याचा उलगडा मला झालेला नाही. कदाचित ते दुःख तुझं एकटीचं होतं आणि त्यात तुला माझा वाटा नको होता.

दोन वर्षांनी तुझ्या पायात गंजका खिळा गेला. तू हळद दाबून काम करत राहिलीस. आठवड्यात जबडा आवळला. दवाखान्यात तीन दिवस मी तुझ्या उशाशी होते. तुला बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तिथं आता मला कुणी पाणी दाखवायला पाठवणार नव्हतं. तरीही मी भाजीचं, पावसाचं, शाळेचं बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

भावकीतल्या बायका अंगणात कुजबुजल्या, "पाटाचीले हिरवं लुगडं कायले?" बा खाली मान घालून बसला होता. मी बाजारात जाऊन हिरवं लुगडं आणलं. विधवेच्या हातचं चालत नाही, म्हणाल्या. मी कुणाचं ऐकलं नाही. मीच नेसवलं. बाहेर सगळे खोळंबले होते आणि माझ्या हातून निऱ्या नीट होत नव्हत्या.

या महिन्यात रिठदला शाळेच्या कामानं जायचं झालं. मुलींच्या शाळेला जागा बघायची होती. काम झाल्यावर मी तुझं पहिलं घर विचारत गेले. तुझी जाऊ अजून आहे. दिसत नाही तिला फारसं. दारात बसली होती. मी कोण ते सांगितलं तेव्हा तिनं माझा हात चाचपून धरला. मी विचारलं, पोर केव्हा गेली होती? ती म्हणाली, "बजाराच्या दिवशीच वं. गाडी तिकडंच होती. इकडं दुपारच्याले गेलं लेकरू. माय निघाली असती तरी भेट नसती झाली."

मिरच्यावाली म्हातारी तर तिसरा दिवस म्हणाली होती. ती तर मळ्यापर्यंत चालत आली होती, तिला खोटं बोलायचं काय कारण? आणि जावेला तीस वर्षांपूर्वीचा वार कसा आठवणार? की माझ्या हातावरून, आवाजावरून तिला काही कळलं आणि तिनं दया केली? की आपल्याच घरात पोर तीन दिवस तळमळली, हे तिलाही नको होतं? हे प्रश्न मला घरी येऊन पडले. तिथं, त्या दारात, मला फक्त हलकं वाटलं, मावशी. इतकं हलकं की परतीच्या गाडीत मला भूक लागली आणि बरोबरची शिदोरी मी सगळी संपवली.

हे पत्र वहीतच राहील, पाठवायला पत्ता नाही. एवढं फक्त लिहून ठेवते, की जाऊ अजून दारातच बसली होती, गाडी जुंपायला वेळ होता, आणि तिला पुन्हा एकदा नीट विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.