सायकलीचं तिसरं चाक

बाबा,

तुमी वावरातून याल तवा मी घरी नसन. मारोतदादा मले फायनलच्या परीक्षेले वाशीमले घेऊन जाऊन राह्यला. पेपर उद्यापासून हायेत. तुळसामावशीकडं राहू.

दादानं माह्यासाठी सायकलले जोडलेली गाडी तुमी परवा कुऱ्हाडीनं फोडली. चाक तेवढं वाचलं. मंग दादानं तुमच्या वेताच्या खुर्चीचे पाय कापून तीच चाकावर बसवली. खुर्चीसाठी माफ करा. तिच्यात माहा पाय दुखत नाई.

दादाले मारू नका, हट्ट माहा होता. मायले बी बोलू नका, भाकरी म्याच बांधल्या.

गाडी फोडतानी तुमी दादाले म्हनले, "लंगड्या पोरीले मुलुखभर दाखवत फिरवतं काय रे?" बाबा, पाय गेल्यापासून आठ वर्सं मी खिडकीतून लोकाइले पाहून राह्यली. आता त्याइनं मले पाह्यलं तं पाहू द्या.

मंगळवारी दिवसाउजेडी येऊ, भर बाजारातून. दार लावलेलं असन तं मी ओट्यापाशी गाडीतच बसून राहीन, पन मांगच्या वाटेनं घरात येनार नाई.

तुमची,
गोजरा