येतो म्हणू नये

१२ एप्रिल २००२, कोल्हापूर

आले एकदाची! सोलापूरच्या भट्टीतून सुटले, हे आधी लिहून ठेवते. काम तसं सरळ आहे. राजस्थानच्या वाळवंटात सीमेवर गेलेले जवान रजेवर आले की त्यांना तपासायचं, आणि पुढच्या तुकडीसाठी तब्येतीच्या जोखमींचा अहवाल लिहायचा. उष्माघात, मुतखडा, डोळ्यांत वाळू, विंचू. माझा धाकटा भाऊ प्रसेनजीत तिकडंच आहे, म्हणून तर हे काम मागून घेतलं. आईबाबा गेल्यावर त्याला मीच वाढवलंय.

दवाखान्यातले मदतनीस गुंडूमामा निवृत्त हवालदार. साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटतं. आल्या आल्या मला, समोर म्हशी पिळून दूध देतात त्या दूधकट्ट्यावर नेलं आणि धारोष्ण दुधाचा हा थोरला ग्लास हातात दिला. डॉक्टरच काडीपैलवान असल्यावर जवानांनी काय शिकायचं, म्हणाले. माणूस आवडला.

१६ एप्रिल

आज उचगावचा सयाजी तपासला. धिप्पाड, हसरा, ठणठणीत. तिकडं पाणी कुठलं पिता, असं विचारलं. चौकीजवळ ओसाड वस्ती हाय म्हणे, तिथं एक म्हातारं बसतंय, मडक्यातलं गार पाणी देतंय. हीर न्हाय, टाकं न्हाय, पर मडकं कवा रितं न्हाय. सगळी पोरं तिथंच पितात. मी अहवालात लिहिलं, ठाऊक नसलेल्या ठिकाणचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. मनात आपल्याच शहाणपणावर खूश झाले.

२२ एप्रिल

सयाजीला सकाळी उचलून आणलं. ओठ फुटलेले, डोळे खोल, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. सलाईनवर सलाईन लावतेय, शरीर घेतच नाही. उशाशी भरलेला तांब्या, तर त्यात वाळू हाय म्हणतो. ते म्हातारं खिडकीशी बसलंय, निघताना आपण सवयीनं 'येतो आजोबा' म्हणालो होतो, म्हणून न्यायला आलंय, असं सांगत होता. एकट्याला भ्या वाटतंय, बाई, तुमी बी चला की, म्हणाला. हात सोडेना. समजूत घालायची म्हणून मी म्हटलं, तू हो पुढं, मी आलेच.

दुपारी गेला.

२४ एप्रिल

रजेवर आलेला कबनूरचा वृषभही गेला. घरात, पंख्याखाली, पाण्याच्या पिंपाला टेकून. तसाच वाळून. त्यानंही निघताना म्हाताऱ्याला 'येतो' म्हटलं होतं, घरच्यांना सांगत होता म्हणे. आपल्यात कोण म्हणत नाही?

गुंडूमामांचा आवाज आज बसला होता. म्हणाले, आपल्यात 'जातो' म्हणायचं न्हाय, त्येनं अशुभ हुतंय. पर त्या म्हाताऱ्यानं शबुदच धरला की.

मला भीती वाटतेय. प्रसेनजीत तिथंच पाणी पीत असणार.

२७ एप्रिल

सयाजीच्या आईला भेटायला उचगावला गेले. रडत नव्हती. सयाजी येतोय की रोज, म्हणाली. घर सोडताना 'येतो आई' म्हणालता, शबुद पाळतोय. घागर रिकामी करतोय तरी तहान भागत न्हाय. परवा धाकट्या बहिणीला मायेनं कुशीत घेतलं, तवापासनं पोरगी उठली न्हाय.

पोरीला तपासलं. ओठ फुटलेले. हसून माझ्याकडं बघत होती. उंबऱ्यात वाळू साचलेली.

२८ एप्रिल

प्रसेनजीतला कसाबसा फोन लागला. उद्या सुट्टीवर निघतोय. त्याला म्हटलं, म्हाताऱ्याला 'जातो' म्हण. जातो! हसायला लागला. मी रडले तेव्हा कबूल केलं.

अहवालात ही जोखीम लिहिली. वेडी म्हणतील. म्हणोत.

१ मे

आला! नाडी छान, जीभ ओली, उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्याला. वाचला माझा पोरगा. 'जातो' म्हणाला, आणि म्हाताऱ्यानं सोडलं त्याला.

जेवताना सहज म्हणाला, ताई, तू त्याला कधी भेटलीस? 'आलेच' म्हणाली होती, कधी येणार, असं विचारत होता.

२ मे

तहान. गुंडूमामांनी सलाईन लावलं. आत जात नाही. तांब्यात—

वाळूच आहे.

३ मे

खिडकीशी बसलाय. मांडीवर मडकं. मागं सयाजी उभा. हसत नाही आता.

प्रसेनजीत स्वयंपाकघरात लिंबू पिळतोय. मला ऐकू यावं म्हणून मोठमोठ्यानं बोलतोय. गुणी आहे रे माझा. त्याला 'येते' म्हणायचं नाही. म्हटलं तर परत यावं लागेल. आणि आले की त्याला जवळ घेतल्याशिवाय मला राहवणार नाही.

जाते म्हणायचं. फक्त जाते.

म्हातारा उठला—

प्रसेनजीत पायाशी येऊन बसलाय. रडतोय, लहानपणी रडायचा तसाच. जीभ टाळ्याला चिकटलीय, बोलता येत नाही. इथंच लिहून दाखवते त्याला.

रडू नको, राजा. घाबरू नको. मी ये—