निळ्या कागदातली साखर

यम्मा,

हे पत्र कुणी तुला वाचून दाखवायला नको, म्हणून मी ते टाकणारच नाहीये.

परवा बंदरावर गोणी उचलताना उजव्या कुशीत कळ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इदीर, तुझ्या यकृतात चरबी साठलीय."

मला हसू आलं. "बाई, आमच्याकडे मांस ईदलाच दिसतं. चरबी कुठली?"

"आणि चहा किती पितोस?"

"ते कोण मोजतं?"

"मग तिथलीच. जास्तीच्या साखरेची यकृत चरबी करतं. थोडी स्वतःत साठवतं, थोडी रक्तात सोडतं. ती हृदयाच्या नसांनाही धरते."

मी घाबरत विचारलं, दारू न पिता बाबांसारखं पोट फुगून, डोळे पिवळे होऊन माणूस मरतो का? त्या म्हणाल्या, "वर्षानुवर्षं असंच चाललं, तर मरूही शकतो."

यम्मा, बाबा चोरून पितात असं गाव म्हणायचं. शेवटी शेवटी तूही त्यांचा झगा हुंगायचीस, मी पाहिलंय. भेटायला येणारा प्रत्येक जण निळ्या कागदात गुंडाळलेला, सुळक्यासारखा साखरेचा गोळा आणायचा. तू तो फोडून त्यांच्या पुदिन्याच्या चहात घालायचीस. म्हणायचीस, "घ्या, अंगात ताकद येईल."

बाबा दारू पीत नव्हते, हे तुला ओरडून सांगावंसं वाटतं. पण मग साखर कोण घालत होतं, तेही सांगावं लागेल. मला माझ्या पोटापेक्षा त्याचीच भीती वाटते.

ईदला येईन. चहा मी करीन. "साखर विसरलास काय रे गाढवा?" असं तू विचारशीलच.

मी म्हणेन, हो यम्मा, विसरलो.

तुझा विसराळू मुलगा,
इदीर