जागा सांगायची नाही

२४ मे, संध्याकाळ
उद्या एकट्याने डोंगर. बर्फ मागे सरकतोय, त्याच्या कडेला बांबूचे कोवळे कोंब निघाले असणार. जागा फक्त मला ठाऊक. वडिलांनी मरताना कानात सांगितली. दुसरी इस्टेट ठेवली नाही. वय चौऱ्याहत्तर, पण तब्येत सागवानी.

किनुएला म्हटलं, दक्षिणेच्या डोंगरावर नेच्याची भाजी खुडायला जातोय, दुपारी जेवायला घरी. बायको कसली, म्हणाली, "परतणार नसाल तर आत्ताच सांगा, तेवढा भात कमी टाकते."

शेजारचा यासाकू कुंपणावरून ओरडला, "तोमेदादा, उद्या कुठं?" त्यालाही दक्षिणच सांगितली. लाकूडतोड्या आहे, अडुसष्टचा, बैलासारखा. वास काढत फिरतो.

अस्वलाला हुसकायची घंटा नेणार नाही, आवाजावरून माग लागतो. मुलाने सेंदाईहून पाठवलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवला. नकाशावर माणूस दिसतो म्हणे त्यात. चहाडखोर वस्तू.

२५ मे, पहाटे ५
छोटा ट्रक मुद्दाम दक्षिण डोंगराच्या पायथ्याशी लावला. इथून उत्तरेच्या ओढ्यापर्यंत दीड तास पायपीट. चाळीस वर्षं हाच प्लॅन. कुणाला संशय नाही.

सकाळी ७.४०
पायवाट टाळली, पाऊलखुणा राहतात. सरळ पडझडीत घुसलो. यंदा बर्फाच्या ओझ्याने केवढाली झाडं आडवी झालीत. एक वाकलेलं खोड, शेंडा बर्फात दबलेला, वाट अडवून होतं. कोयत्याचे दोन घाव घातले. शेंडा सुटला तो थेट माझ्या तोंडावर. समोरचे दोन दात बर्फात, बर्फ लाल. मी हटलो नाही. खोडाचे सात तुकडे केले. बाकीच्या झाडांना कळलं असेल, कोण आलंय. दात तसेही हलतच होते.

९.१५
ओढ्यावर बर्फाचा पूल. पूल भक्कम आहे, असं लिहिणार होतो.
पाण्यातून लिहितोय. काहीतरी कडाडलं, लाकूड असावं. डावं पाऊल मात्र भलत्याच दिशेला बघतंय. मुरगळ. दुपारपर्यंत उतरेल.

११.३०
सरपटत जागेवर पोचलो. कोंबच कोंब, बोटाएवढे, रसरशीत! आडवं पडून खुडणं सोपं, कंबर वाकवावी लागत नाही. पुढच्या वर्षीही असंच करावं. पिशवी गच्च.

१२.१०
अस्वल. बापाची जागा असल्यासारखं बसून खात होतं. मी म्हटलं, "ऊठ, ही माझ्या बापाची!" त्याने थोबाडीत मारली. कपाळाची कातडी भुवईवर लोंबतेय, टॉवेलने बांधलीय. मीही कोयत्याच्या मुठीने त्याच्या नाकावर दोन हाणल्या, रक्त काढलं. माघार त्यानेच घेतली.
पिशवी घेऊन.

३.३०
दक्षिणेकडून भोंगा. मला शोधताहेत. ट्रक सापडला असणार. सगळं गाव बरोब्बर चुकीच्या डोंगरावर! प्लॅन एक नंबर.
पाय फुगलाय, बूट निघत नाही. रक्त थांबत नाही. ओरडलो तर जीव वाचेल, पण जागा जाईल. ओरडणार नाही.

४.५०
अजून ओरडलो नाही. बोटं वळत नाहीत. थोडंसंच ओरडावं का? वडील काय म्हणतील? लवकरच भेटतील, तेव्हा विचारू.

५.२०
यासाकू! वीस पावलांवर, हाका मारतोय. हा इकडे कसा? वाट चुकला असणार, मूर्ख. मी तोंडात बाही कोंबलीय

२७ मे, हॉस्पिटल
टाके एकतीस, पायात सळई. जागा मात्र सुरक्षित.
परवा यासाकू पुढे निघून चालला होता, तेव्हा माझ्याच तोंडाने मला न विचारता त्याला हाक मारली. तो म्हणाला, "जिवंत आहात होय? मग ओ द्यायला काय धाड भरली होती?" मी अट घातली: डोळे बांधल्याशिवाय तुझ्या पाठीवर बसणार नाही. "मरायला टेकलात आणि अटी कसल्या घालता, म्हाताऱ्या घुबडा!" अशा बऱ्याच शिव्या दिल्या. मी खोडाला मिठी मारली, सोडेना. शेवटी त्याने स्वतःचा टॉवेल डोळ्यांवर बांधला आणि मला पाठीवर घेतलं.
वर मी दिशाही उलट्या सांगत होतो, म्हणजे गोंधळ पक्का. मी "डावीकडे" म्हणालो की तो उजवीकडे. आम्ही गाडीरस्त्याला लागलो तो निव्वळ योगायोग.
किनुए म्हणाली, "त्याचे कान पिरगाळत होतात म्हणे. लाज नाही?" वर म्हणाली, "मी यासाकूला सांगितलंय, यांचं ऐकलं नाहीस तेच बरं केलंस."

२८ मे, पहाटे
झोप नाही. डोळ्यांची गाठ मीच तपासली होती, घट्ट होती. उतारावर सतरा झाडं आडवी होती, मोजली.
प्रत्येक झाड यायच्या आधी यासाकू पाय उचलत होता.