वैऱ्याच्या गावात एक रात्र

शार्लरुआ, बेल्जियम

चिरंजीव दुच्चो, थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही नवराबायको ठणठणीत आहोत. रेन्झो हल्ली जिन्यात मध्येच थांबतो, पण विचारलं तर म्हणतो, "कठड्याची नक्षी बघतोय."

एप्रिलात आगगाडीने येतोय. आधी मिलान, मग फेरारा, मग फ्लोरेन्स आणि शेवटी आपलं सिएना. फ्लोरेन्सच्या एका चर्चमधलं काळवंडलेलं भित्तिचित्र आपल्या फियाम्माने उजळलंय. माझ्या नातीने! चित्रावरचा पडदा संध्याकाळी उघडणार, म्हणजे तिथे मुक्काम आलाच.

रेन्झो चिडवतो, "म्हातारे, फ्लोरेन्स म्हणजे तुम्हा सिएनावाल्यांचं शतकानुशतकांचं वैरी, त्या वैऱ्याच्या गावात तुमच्यापैकी कुणी कधी झोपलंय का? तुझे बाबा स्वर्गातून जोडा फेकतील." मी म्हटलं, "फेकू देत. आपल्या रक्ताच्या पोरीने फ्लोरेन्सच्या देवदूतांची तोंडं धुतली, हे कळलं की तेच आधी धावत येतील."

तुझे गुडघे कसे आहेत? तूही हट्ट सोड आणि फ्लोरेन्सला ये. येताना माझ्या बाप्तिस्म्यात मिळालेला, आपल्या सिएनातल्या आळीच्या रंगांचा रेशमी रुमाल आण. तो उशीवर अंथरीन. रात्रभर तिथे झोपेन, पण डोकं सिएनातच राहील.

स्टेशनावर तुला शोधणारी,
तुझी आर्जा