पाटी झाकणार नाही

कार्ल्सरूहे

श्री. नागेशराव यांस नमस्कार,

दारावरच्या ‘पब आणि श्पीलहाले’ (तुमच्या भाषेत मशिनांचा जुगारअड्डा) या पाटीपायी मी इंजिनिअरची नोकरी सोडली, बीअरची पिंपं उचलून दोन्ही गुडघे घालवले आणि तुमच्यासारख्या मेव्हण्याचं येणं-जाणं गमावलं. स्वस्तातच पडली म्हणायची.

मंडळाचा हॉल ऐनवेळी रद्द झाला, तेव्हा तुमचा फोन आला. “गणपती तुमच्या पबमध्ये बसवू. तेवढी पाटी झाकाल ना?” मागून ऊर्मिलावहिनी कुजबुजल्या, “जुगारवाल्याकडे बाप्पा!” अहो, मशिनांच्या गोंगाटात गिऱ्हाइकाच्या खिशातली नाणी ऐकणारे कान आहेत माझे!

फोनवर सांगितलं तेच पुन्हा: पाटी झाकणार नाही. तिच्यावरच तुमच्या बहिणीचा संसार उभा आहे, आणि देणगी न्यायला मात्र दरवर्षी त्याच पाटीखालून आत येता तुम्ही. मूर्ती मीच आणून बसवली आहे. माझ्याकडे दीडशे माणसं आरामात बसतात. ऐन सणात दुसरा हॉल कुठून आणाल? झक मारत याल सगळे.

तुमचा जुगारवाला मेव्हणा,
गुरुदत्त

ता. क. सुरेखा म्हणते, दादाला हे पाठवू नका. नाही पाठवत. काल आरतीला आम्ही दोघंच होतो.